खळीची पट्टी

साहेब माझ्या हातमागाजवळ येऊन बसतो म्हणून सारं शहापूर हसायचं. हसू देत. हॅरी विल्कॉक त्याचं नाव. विलायतेत अकरा वर्षं पगारावर फुटबॉल खेळलेला गडी. उजव्या कडेनं चेंडू घेऊन पळायचं, हेच त्याचं काम. गुडघा गेला तसं संघानं काढून टाकलं, मग कॅम्पातल्या शाळेत खेळ शिकवायला हितं आलता. एकदा मागाचा खडखडाट ऐकून दारात उभा राहिला, तो रोजचाच झाला. मोडकं मराठी बोलायचा आणि मला, खुद्द तम्मण्णाला, सुताचा धोटा मागावर कसा फेकायचा ते शिकवायचा. लई राग यायचा मला.

त्या साली हेडमास्तरानं त्याला बजावलं, पलटणीबरोबरच्या सामन्यात खेळून दाखव, न्हायतर आगबोटीचं तिकीट काढ. तिकडं आता त्याचं कोण न्हाय. आणि गुडघा तर भोपळ्यागत सुजलेला. सामना तीन आठवड्यांवर.

अंबुबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कडुलिंबाचा पाला उकळला आणि पट्टी त्यात भिजवून बांधा म्हणली. शेजारीच ताण्याच्या सुताला लावायची तांदळाची खळ शिजवून ठेवलेली. तीस वर्षं खळ लावणारा माझा हात, तो सवयीनं खळीच्याच भांड्यात गेला. बोलता बोलता चांगली घट्ट गुंडाळली आणि साहेबाला टांग्यात बसवलं.

संध्याकाळी अंबुनं विचारलं, पाल्याचं पाणी तसंच कसं? खळ वाळली की नुसतं सूत ताठ होतंय, मग एवढ्या पदरांच्या पट्टीचं काय झालं असंल! गोऱ्याचा पाय कामातनं गेला तर मला कोण सोडणार?

दुसऱ्या दिवशी पळत कॅम्पात गेलो. साहेब पाय फळीगत सरळ ठेवून खुर्चीत बसलेला. पट्टी सोडतो म्हणलो तर हात आडवा घातला. घरचं औषध हाय, राहू दे म्हणला. खरं सांगायला गेलेलो, पण बरं साहेब म्हणून तसाच माघारी आलो. असे दहा दिवस गेले. मला अन्न गोड लागंना आणि अंबुची बडबड थांबंना.

अकराव्या दिवशी साहेब आपण होऊन आला. ऊन पाण्यानं पट्टी सोडवली. सूज पार उतरलेली! गुडघा हळूहळू वाकला, तसा माझा जीव भांड्यात पडला.

सामन्यात उजव्या कडेनं तो असा सुटला की पलटणीचे जवान गडी मागं राहिले. त्यानं कडेवरनं मारलेल्या चेंडूवर शाळेचे दोन्ही गोल झाले. हेडमास्तरानं तिथंच पाठ थोपटली, पुढच्या सालापासून नोकरी कायम म्हणला. मग मला राहवंना.

"साहेब, ती पट्टी पाल्याची नव्हती. खळीची होती. चुकलं माझं."

"ठाऊक हाय," तो म्हणला. "माझी आई विलायतेत मागावरच काम करायची. खळीचा वास मला कळत न्हाय व्हय?"

"मग तवाच का सोडली न्हाय?"

त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. "अकरा वर्षं संघवाले सुजल्या पायाला पट्टी बांधायचे, तम्मण्णा, आणि पळ म्हणायचे. खाली बस म्हणून कोणी बांधलीच न्हाय. तुझ्या ताठ पट्टीनं दहा दिवस बसवलं."

घरी येऊन अंबुला सगळं सांगितलं आणि त्या दिवशी कुठं पोटभर जेवलो.