पिवळ्या चौकटी

रंगनाथकाकांनी खुर्चीत बसायच्या आधीच स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "पिवळं कुठं गेलं?"

अपेक्षाला प्रश्न कळला नाही. भूशास्त्राची पदवी घेऊन ती वारज्यातल्या या छोट्या भूजल संस्थेत नुकतीच लागली होती. काका निवृत्त सर्वेअर. आसपासच्या विहिरींची पाणीपातळी ते वर्षानुवर्षं हौसेनं एक्सेलमध्ये नोंदवत आले होते. ती सगळी माहिती संस्थेच्या डेटाबेसमध्ये आणायचं काम तिनं कालच हातावेगळं केलं होतं, आणि तिला त्याचा जरा अभिमानही वाटत होता.

"कसलं पिवळं, काका?"

"जिथं मी स्वतः विहिरीत टेप सोडून मोजलं, ती चौकट पिवळी. लोकांनी सांगितलं ते पांढरं. तुला काय वाटलं, मी रांगोळी काढत होतो?"

तिला तसंच काहीसं वाटलं होतं.

जवळच्याच एका सोसायटीमागची, गेनबांची म्हणून ओळखली जाणारी विहीर पार्किंगसाठी बुजवायचं घाटत होतं. भर उन्हाळ्यातही तिला पाणी असतं, हे प्रत्यक्ष मोजलेल्या नोंदींनी दाखवलं तरच ती वाचवायचा प्रस्ताव उभा राहणार होता. आणि तो आजच द्यायचा होता.

संस्थेच्या कॉम्प्युटरवरचा डेटाबेस जुना. काकांची फाईल त्याच्या व्हर्जनमध्ये उघडेना, म्हणून अपेक्षानं ती साध्या मजकुराच्या स्वरूपात, सीएसव्हीत, सेव्ह केली. तेव्हा सूचना आलीही होती: या स्वरूपात काही गोष्टी टिकणार नाहीत. तिनं आकडे ताडून पाहिले, तारखा पाहिल्या, दशांश चिन्हंसुद्धा तपासली. सगळं जुळलं. रंग म्हणजे काही डेटा नव्हे, असं मनाशी म्हणून तिनं 'हो' दाबलं. वर, दोन प्रती असल्या की घोळ होतो म्हणून काकांनी दिलेल्या पेनड्राइव्हवरची जुनी फाईल पुसून तिथं नवी ठेवली.

"मूळ फाईल घरी असेल ना, काका?"

"एकच होती. तुला दिली होती."

पुसलेल्या फायली परत आणणारं सॉफ्टवेअर तिनं दुपारभर चालवून पाहिलं. फाईलचं नाव सापडलं, पण ती काही उघडली नाही. काका शेजारी बसून होते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"गेनबांच्या विहिरीपुढं पिवळं होतं," ती म्हणाली. "मी पाहिलंय. चांगला लांब पट्टा होता."

"कुठल्या कुठल्या वर्षी?"

तिनं स्क्रीनवरच्या तारखा वरपासून खालपर्यंत पाहिल्या. सगळ्या चौकटी पांढऱ्याच होत्या.

"बरंचसं मीच मोजलं होतं, असं मलाही वाटतंय," काका म्हणाले. "पण वाटतं ते पांढऱ्यात जातं."

अपेक्षानं डेटाबेसमध्ये एक नवा रकाना घातला आणि सगळ्या नोंदींपुढं एकदमच 'ऐकीव' भरायची आज्ञा दिली. 'हा बदल मागे घेता येणार नाही' असं स्क्रीनवर आलं. या वेळी तिनं ते शेवटपर्यंत वाचलं. मग 'हो' दाबलं.

काकांनी पिशवीतून टेप काढली. "येतेस? आजचं तरी मोजू."

एका आकड्यावर प्रस्ताव होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. विहिरीशेजारी ती बुजवायला आणलेल्या मुरमाचे ढीग येऊन पडले होते. काकांनी टेप आत सोडली, आकडा वाचला. अपेक्षानं तो लिहिला, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा विचारून घेतला.