एल्मब्रुनचा धडा

"बाबा, लंगडी मेंढी लिहिली का?" व्हिडिओ कॉलवर प्रीतीने विचारलं.

"लिहिली. खाऱ्या झऱ्यात उभी राहिली अन् बरी झाली. पुढं सांग, पोरं ऐकून राहिली," बळीराम सर म्हणाले.

हुडकेश्वरच्या घरी, रविवारी दुपारी ओसरीत शिकवणीची आठ मुलं दाटीवाटीने बसत. सर शाळेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी लेक नर्स म्हणून जर्मनीतल्या एल्मब्रुनला गेली. एवढंसं गाव, कुठल्या पुस्तकात सापडेना. मग सरांनी तिलाच विचारून त्याचा धडा लिहायला घेतला. लेक राहते ते गाव पाठ असलं, की ती जरा जवळ वाटे. तीन वर्षांचा करार होता. मार्चमध्ये ती परत यायची होती.

मेंढीमागून माणसं आली, स्नानगृहं झाली, आगगाडी आली. महायुद्धात जखमी शिपाई त्याच पाण्यात बसवले. इथवर धडा झाला होता.

"अन् आता कोण राहते तिथं?" मुलांमधल्या नूपुरने विचारलं.

"म्हातारे. आम्ही त्याईले धरून गरम पाण्यात उतरवतो. तरणे शहरात गेले."

"वापस काहून नाही आले?"

"काम भेटलं, घर झालं. सणाले येतात."

स्वयंपाकघरातून प्रीतीची आई माया डोकावली. "त्याईचं जाऊ दे. तू मार्चात कोणत्या तारखेले येतं वं?"

फोनमध्ये प्रीती खाली बघत राहिली. "आई, दवाखान्यानं मले कायम केलं. परवा सही केली. सांगाले जीभ उचलत नव्हती."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

"लिहा रे," ते मुलांना म्हणाले. "मग म्हाताऱ्यांची सेवा करायला दूरदूरच्या नर्स आल्या, आणि गाव पुन्हा चालू लागलं."

"साल कोणतं टाकू, सर?"

"यंदाचं."

मुलं गेल्यावर सर प्रीतीच्या खोलीत गेले. पलंगावर तिच्यासाठी आणलेल्या नव्या गादीचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

"एका बाजूनं धर," ते मायाला म्हणाले. "पोरायले ओसरीत ऊन लागते. पुढच्या रविवारपासून इथं बसतील."

मायाने पदर खोचला आणि पलंगाचं दुसरं टोक उचललं.