फुलसावंगीच्या गाडीतली जास्वंद

मी जास्वंदीची फांदी बोलतेय. वेळ थोडा आहे, तेव्हा मध्येच गप्प झाले तर वाईट वाटून घेऊ नका.

माझं झाड यवतमाळच्या बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुभाजकावर आहे. तिथं काय लावायचं याची चर्चा चालली तेव्हा कण्हेर, तगर अशा पुष्कळ जणी आस लावून बसल्या होत्या. पण शहराच्या झाडांचं काम बघणारे निजामुद्दीनचाचा आमच्यावरच भाळले. बारमाही लाल फूल, छाटली की दुप्पट फुटणार, आणि नवं रोप विकत आणायला नको. फांदी खोचली की झालं. लोहाऱ्याच्या रोपवाटिकेतून आम्ही टेम्पोत बसून आलो आणि ऑटोंच्या धुरात तोऱ्यात उभ्या राहिलो. सकाळी फिरायला येणारी सभ्य माणसं आमची फुलं पिशवीभर ओरबाडून नेत आणि वर "शहरात काही शोभाच उरली नाही" म्हणून कुरकुरत. मला त्यांचा भारी राग यायचा.

आमची देखभाल शीलाकडे. पाणी, खुरपणी, छाटणी सगळं तीच करी. जाणाऱ्या-येणाऱ्या बाया थांबून फांदी मागायच्या आणि ती द्यायची. फांदी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं.

यंदा कपाशीवर पिठ्या ढेकूण आला. नव्या बियाण्यानं बोंडअळी आटोक्यात आली म्हणून माणसांनी जरा कुठे श्वास घेतला होता, तेवढ्यात हे पांढरं पीठ झाडाझाडावर बसलं. रस शोषून शोषून उभं पीक वाळवायचं. कपाशी आणि आम्ही जास्वंदी एकाच कुळातल्या, त्यामुळे तो आमच्याकडेही आला. माझ्या पानांमागे चिकटला, मुंग्यांची ये-जा सुरू झाली. अंगातलं बळ रोज थोडं थोडं जात होतं आणि वरून मी हिरवीगार दिसत होते.

आज सकाळी लालीबाई आली. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची, लेकीला भेटून परत निघालेली.

"बाई, येक फांदी दे ना. घरामागं वावर हाय, कपाशीच्या धुऱ्यावर लावतो."

शीलानं मला कापलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि हसत तिच्या हाती दिलं. कपाशीच्या धुऱ्यावर! धुरा म्हणजे बांध, कपाशीच्या अगदी लगत. ओरडावंसं वाटत होतं, पण फांदीला कुठलं तोंड? लालीबाईनं मला कापडी पिशवीत ठेवलं आणि स्टँडवर फुलसावंगीच्या गाडीत जागा धरली. पिठ्याची पिल्लं माझ्या अंगावरून सरकत होती. ड्रायव्हर बसला. गाडी घरघरू लागली.

"कंडक्टरभाऊ, थांबवा!" शीला धापा टाकत आत शिरली. "मावशी, ते फांदी वापस द्या."

लालीबाईचं तोंड उतरलं. "देल्लेली फांदी कोनी वापस मांगते काय? काहून? मी का चोरून आनली?"

"तसं नाही मावशी. निजामचाचानं आत्ताच झाडं पाह्यली. पिठ्या लागला म्हने. समदं छाटून जाळून राह्यले. म्या न पाह्यता देल्ली तुमाले."

"माह्या वावराचं मी पाहीन," म्हणत लालीबाईनं पिशवी छातीशी धरली. गाडीतली माणसं हसू लागली. एका फांदीसाठी एवढा तमाशा!

"बाई, उतरा, नाहीतर तिकीट काढा," कंडक्टर खेकसला.

शीलानं सरळ पिशवीत हात घातला, मला बाहेर ओढलं आणि माझं पान उलटं केलं.

हसू थांबलं. लालीबाईनं वाकून पानामागचं पांढरं पीठ पाहिलं.

"तांड्यावरच्या गुलाबसिंगच्या वावरात हेच हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "पुरी कपाशी गेली त्याची. आमच्याकडं अजून नाही आलं, याडी!" तांड्याच्या बोलीत आईला हाक मारत तिनं पिशवीतलं आपलं सामान काढून घेतलं आणि फडकं, पिशवी, मी, सगळं गाठ मारून शीलाच्या हातात दिलं. "जाय. रस्त्यात टाकू नको."

शीला तिथंच रडायला लागली. "मावशी, तुमच्या आधी कोनाकोनाले देल्ल्या, मले तं आठोतबी नाही."

कंडक्टरनं दार उघडून दिलं आणि ती मला घेऊन उतरली.

आता मी दुभाजकाजवळच्या ढिगावर आहे. माझ्या झाडाचं नुसतं खोड उरलंय. चाचा रॉकेल शिंपडतायत. माझ्या टोकाला एक कळी आहे, उद्या उमलली असती. शीलाचा हात तिच्याकडे आला. मला वाटलं, तेवढी तरी घेईल. पण तिनं हात मागे घेतला. बरोबरच केलं तिनं, तरी मला फार वाईट वाटलं.

मला मरायचं नव्हतं हो. दुसऱ्या मातीत रुजायचं, यापलीकडे फांदीला काय हवं असतं? पण सांगते, शीलाकडून ज्यांनी ज्यांनी फांद्या नेल्या असतील, त्यांनी आजच अंगणात जाऊन एक पान उलटून बघा. पांढरं दिसलं तर माझ्या बहिणींची कीव करू नका.

शीलानं काडी ओढली.