चौतीस मिलिमीटरचा सूर्य

“बाई, सूर्य केवढा आहे हे मोजायला नक्की गेलं होतं कोण? आणि टेप केवढी नेली होती?”

वर्गात असा काही हशा पिकला की शेजारच्या वर्गातल्या सरांनी दारातून डोकं आत घालून पाहिलं.

टकळी उभीच. कान तापले होते, पण उभीच. घरी तिच्या तोंडाची टकळी एकदा सुरू झाली की थांबायची नाही, म्हणून तिला हे नाव पडलेलं. वर्गात मात्र गणितात आपटी खाल्ल्यापासून तोंडाला कुलूप. शेवटी तिच्या दोन जिवलग मैत्रिणी, चष्मिष आणि लंबू, वैतागल्या आणि त्यांनी पैज लावली. विज्ञानाच्या तासाला एक प्रश्न विचारायचा. एकच. पण असा, की बाई खडू खाली ठेवतील.

बाईंनी खडू खाली ठेवला.

“गेलं कुणीच नाही,” त्या म्हणाल्या. “घरबसल्या मोजलाय. बसू नकोस, अंगठा धर डोळ्यांसमोर. एक डोळा मीट. आता तो उघड, दुसरा मीट. काय झालं?”

“अंगठा उड्या मारतोय फळ्यावर.”

“अंगठा हलला का?”

“नाही. मी डोळा बदलला.”

“बस्स. पृथ्वीवर दोन लांबच्या गावी दोन माणसं उभी करा, झाले दोन डोळे. कधीतरी शुक्र सूर्याच्या तोंडावरून सरकतो, तेव्हा तो दोघांना किंचित वेगळ्या जागी दिसतो. त्या किंचितावरून अंतर निघतं. हल्ली तर शुक्रावर रेडिओलहरी सोडतात आणि त्या आपटून परत यायला किती वेळ लागतो ते बघतात. ग्रहांचा नकाशा आधीच तयार होता, पण तो किती पटीनं लहान काढलाय तेवढंच कळत नव्हतं. एक अंतर खरं कळलं आणि सगळी सुटली. सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटर.”

“पण मग तो केवढा?” टकळीच्या तोंडून निघून गेलं. पैज एकाच प्रश्नाची होती, हा दुसरा फुकटातला.

“ते तू मोजून आणायचं,” बाई गालात हसल्या. “आरशावर कागद चिकटव, कागदाला बारीक भोक पाड. ऊन त्यावरून अंधाऱ्या भिंतीवर टाक. भिंतीवर जो गोल पडेल ते सूर्याचं चित्र. आरशापासून भिंतीपर्यंतच्या अंतराचा जेवढा हिस्सा त्या गोलाची रुंदी, पंधरा कोटींचा तेवढाच हिस्सा सूर्याची रुंदी. आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही हं कुणी, डोळे जातील. शुक्रवारी वर्गाला सांग.”

चष्मिषनं बाकाखालून टाळी दिली. पण टकळीला त्या सगळ्या बोलण्यात गुणाकार-भागाकार दबा धरून बसलेले दिसत होते.

त्यांची धास्ती वाटायला कारणही तसंच होतं. पुढच्या वर्षी गणित ठेवायचं की सोडायचं, हे सोमवारी शाळेत सांगायचं होतं. घरात ते जवळजवळ ठरलंच होतं. “सोड बाई, जिवाला घोर नको,” असं आई म्हणाली होती, आणि “आपल्या घराण्यातच नाही ते, तुझी आत्या तर गणिताच्या पेपरला चक्कर येऊन पडली होती,” असं बाबा म्हणाले होते. दोघं मायेनंच बोलले होते. तरी टकळीला ते आत कुठंतरी बोचलं होतं. घरी जाताना तिनं मनाशी आणखी एक पैज लावली आणि ती कुणालाही सांगितली नाही. सूर्य बरोबर निघाला तर गणित ठेवायचं. चुकला तर सोडायचं, आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.

आरशाला काही तोटा नव्हता. बाबांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोंच्या चौकटी. मधोमध जाड कापड ठोकलेलं लांबरुंद टेबल, त्यावर बाबा काच कापायचे. हत्यार काचेवरून किर्रर्र करत गेलं की टकळीच्या दातांत शिरशिरी यायची. बाबा मापं घेऊन आकडे ओरडायचे, आई ते कागदावर उतरवायची. दोघांची जोडी अशी जमलेली की बघत राहावं.

गुरुवारी टकळी शाळेतून आल्यावर, दुपारची गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली तशी आईनं शटर अर्धं खाली ओढलं. टकळीनं बाहेर स्टुलावर आरसा ठेवला, वीट लावून तिरका केला, आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक फिकट, गोल, थरथरता ठिपका उमटला.

“अगं बाई!” आई म्हणाली. “हा सूर्य?”

“त्याचा फोटो,” टकळी ऐटीत म्हणाली.

“सरकतोय की गं तो,” बाबा म्हणाले.

“तो नाही, आपण सरकतोय. पृथ्वी फिरते ना! बाबा, पळा, मोजा लवकर! मी आरसा सोडू शकत नाही.”

बाबांनी टेप काढली, भिंतीला लावली आणि रोजच्या खणखणीत आवाजात ओरडले, “चौतीस!”

आईनं लिहून घेतलं. मग मायलेकींनी टेप ताणून आरशापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. ते भरलं त्रेचाळीसशे मिलिमीटर.

टकळी टेबलाच्या कोपऱ्याशी बसली. पंधरा कोटी गुणिले चौतीस, भागिले त्रेचाळीसशे. शून्यं मुंग्यांसारखी पानभर पसरली. जीभ दातांत धरून तिनं एकेक शून्य हाकत नेलं. उत्तर आलं अकरा लाख शहाऐंशी हजार.

तिनं पुस्तक उघडलं. तेरा लाख ब्याण्णव हजार.

तिनं पुन्हा केलं, अकरा लाख शहाऐंशी. भागाकार उलटा करून ताळा पाहिला, तरी तेच. दोन लाख किलोमीटर सूर्य कुठं सांडला होता कुणास ठाऊक.

“एवढं काय त्यात?” बाबा समजूत घालायला आले. “एवढा मोठा सूर्य, दोन लाख इकडे-तिकडे. वरून कुणी मोजायला येतंय का?”

“तुम्हाला नाही कळायचं, बाबा.” तिनं वही मिटली. डोळे भरून आले ते काचेच्या भुशानं, असं तिनं आईला सांगितलं. आईनं खरं मानल्यासारखं केलं.

शुक्रवारी सकाळी शाळेआधी ती आरसा परत ठेवायला दुकानात गेली. सोमवारी काय सांगायचं ते ठरलं होतं. ठरलं की मन हलकं होतं म्हणतात, तिचं तर दगडासारखं जड झालं होतं. टेबलाशी एक आजोबा फोटोची चौकट घेऊन उभे होते. बाबांनी चौकटीत आतून टेप लावली. टकळी त्यांच्या खांद्यामागेच होती.

“दोनशे!” बाबा ओरडले. आईनं लिहिलं.

“बाबा, टेपवर दोनशे सहा आहेत.”

“हो मग?” बाबांनी मान वर न करताच सांगितलं. “चौकटीएवढीच काच कापली तर ती बसेल कशी? दोन्ही बाजूंनी तीन-तीन सोडायचे आणि उरलेलं सांगायचं. तुझी आई लिहिते ते कापायचं माप. लग्न झाल्यापासून असंच चाललंय आमचं.”

टकळीनं हातातला आरसा टेबलावर टेकवला.

“बाबा, काल भिंतीवर. टेपवर किती होतं?”

“चौ…” बाबा थांबले. भिंतीकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. “अरे देवा.”

“बाबा! तुम्ही सूर्य चौकटीत बसवायला निघाला होतात?”

आई आधी खुर्चीत बसली, मग हसता हसता टेबलावर आडवी व्हायची बाकी राहिली. आजोबांना काही कळेना. “काच आज मिळेल ना हो?” ते काळजीनं म्हणाले.

“मिळेल, मिळेल. पोरीचा सूर्य आधी नीट करू द्या!” बाबा म्हणाले.

आरसा पुन्हा स्टुलावर गेला. ऊन आता दुसऱ्या बाजूनं येत होतं, म्हणून वीट सरकवावी लागली. या वेळी आरसा आईनं धरला आणि टेप टकळीनं. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून लांब उभे राहिले, कोर्टात उभं केल्यासारखे. “मी हात लावत नाही, माझ्या हाताला सवय आहे.”

भिंतीपर्यंत तेच त्रेचाळीसशे, आणि ठिपका चाळीस. काठ जरा धुरकट होता, पण चाळीस.

तिनं उभ्याउभ्याच, काचेवर खुणा करायच्या पेन्सिलीनं काचेच्या एका टाकाऊ तुकड्यावर हिशोब मांडला. तेरा लाख पंच्याण्णव हजार.

“हुश्श!” आई म्हणाली. ते बरोबर की चूक हे तिला माहीत नव्हतं, पण लेकीचं तोंड दिसत होतं.

जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असता. पण टकळीला खरा आनंद नव्या आकड्याचा नव्हताच. तिनं धावत जाऊन कालची वही उघडली. चौतीसचा गुणाकार बरोबर. त्रेचाळीसशेचा भागाकार बरोबर. चुकीच्या मापाचं जे उत्तर यायला हवं होतं, तेच अगदी काटेकोर आलं होतं. काल ती रडली तेव्हासुद्धा तिचं गणित बरोबर होतं!

वर्गात तिनं हे सगळं हातवारे करून सांगितलं, बाबांच्या आरोळीची नक्कलसुद्धा केली. लंबू बाकावर डोकं ठेवून हसत होती.

“काठ धुरकट असतो, त्यामुळे एखादा मिलिमीटर मागं-पुढं होणारच,” बाई म्हणाल्या. “तेरा पंच्याण्णव आलं हे थोडं नशीबही आहे. पण शास्त्रज्ञ दुसरं काय करतात? आकडा जुळला नाही की आधी माप घेणारा हात तपासतात, मग दुर्बीण, मग गणित. तू शेवटून सुरुवात केलीस आणि सगळा दोष स्वतःवर घेतलास.”

टकळीनं मान डोलावली. कुणीतरी छातीवरचं ओझं उचलून बाजूला ठेवावं तसं तिला वाटलं.

संध्याकाळी ती दुकानात शिरली तेव्हा बाबा आजोबांच्या चौकटीत काच बसवत होते. काच अलगद आत गेली. आई कागदात गुंडाळायला पुढे झाली.

“थांबा दोघं,” टकळी म्हणाली. “मला काहीतरी सांगायचंय.”

“आता काय चंद्र मोजायचाय?” बाबा म्हणाले.

“आत्याला चक्कर आली तर आली. घराण्यात नसलं तर नसू दे. सोमवारी मी शाळेत सांगणार आहे. मी गणित ठेवतेय.”