काळी पाचमधले स्वातंत्र्य

स्त्रीस्वातंत्र्याचे नाचते गाणे सिद्ध करण्याच्या थोर कार्यासाठी त्या दिवशी सकाळी अकरा वाजता तीन पुरुष एकत्र जमले होते. टायरच्या दुकानावरील त्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत संगीतकार होता, गीतकार होता आणि गायिकेचे सर्व व्यवहार पाहणारा तिचा थोरला भाऊ होता. गाण्याचे शब्द, चाल, ठेका, चित्रीकरणातील पोशाखाचा रंग आणि कोणत्या ओळीवर किती बेफिकीर हसावे, हे सारे एकमताने ठरून गेले होते. मतभेदाचा प्रश्नच उद्भवला नाही. कारण जिचा मतभेद होऊ शकला असता, ती अद्याप जिना चढत होती.

गेली अकरा वर्षे ती इतरांच्या गाण्यांमागे ‘आ’ आणि ‘ऊ’ करीत आली होती. साबणाच्या जाहिरातींत ती गायली, बिस्किटांच्या जाहिरातींत गायली. नाव मात्र कोठेही छापून आले नव्हते. हे पहिलेच गाणे तिच्या नावाने निघणार होते, आणि म्हणून गळा जपण्यासाठी तिने चार दिवस थंड पाणी ओठांना लावले नव्हते.

“या ताई, आधी डमी ऐका,” संगीतकार म्हणाला.

संगीतकाराने स्वतः कच्चे गाणे गाऊन ठेवावे आणि गायिकेने ते ऐकून हुबेहूब तसेच गावे, अशी या धंद्यातील रीत आहे. तिने काचेपलीकडे जाऊन हेडफोन कानांवर चढविले. आत एक पन्नाशीचा गृहस्थ आवाज चिमटीत धरल्यासारखा बारीक करून ‘मी माझी, मी माझी, कुणाची ना मी!’ असे किंचाळत होता. ध्रुवपदापूर्वी त्याच्या गळ्यातून ‘हुक्’ असा एक ध्वनी निघाला.

“तो हुक् घ्यायचाच हं. गाणे काढणाऱ्या कंपनीचे साहेब माझ्या डमीतल्या त्या हुक्‌वर फिदा आहेत. म्हणाले, बाईची सगळी बंडखोरी त्या हुक्‌मध्ये आहे.”

“सर, तिथे तुम्हाला धाप लागलीय.”

“लागली असेल. पण मंजूर झालीय ना!”

“आणि पट्टी फार वर आहे. माझा आवाज पांढरी चारला खुलतो. हे काळी पाचमध्ये आहे. मला न विचारताच ठरवलंत?”

“खालच्या पट्टीत बाई स्वतंत्र वाटत नाही हो,” गीतकार कळवळून म्हणाला. “विचार करतेय असं वाटतं.”

“अगं, गा ना सर म्हणतायत तसं,” भाऊ म्हणाला. “स्वातंत्र्य तुझं, आणि नखरेही तुझेच?”

तिने तीनदा प्रयत्न केला. तीनही वेळा वरच्या सुराला आवाज चिरकला. अखेर संगीतकाराने मोठ्या मनाने परवानगी दिली, “तुम्ही तुमच्या पट्टीत गा. वर उचलायला यंत्र आहे.”

मग ती डोळे मिटून आपल्या पट्टीत गायली. तो आवाज भरदार होता, थोडा खरखरीत होता, आणि घाई कसलीच करीत नव्हता. आपल्या शब्दांना काही अर्थही आहे हे गीतकाराच्या ध्यानी प्रथमच आले आणि तो अस्वस्थ झाला.

संगीतकाराने माऊस हातात घेतला. दहा मिनिटे त्याने तो आवाज वर उचलला, घासला, पुसला, मधोमध आपला हुक् डकविला. मग तिला बाहेर बोलावून दोन आवाज पाठोपाठ ऐकवायला घेतले.

पहिला संपताच भावाने मांडीवर थाप मारली. “हा! लाखात ओळखेन मी. लहानपणापासून ऐकतोय. ही माझी बहीण!”

संगीतकार घसा खाकरून म्हणाला, “तो मी आहे. डमी चुकून आधी लागली. तुमची बहीण दुसरी.”

भाऊ छताकडे पाहू लागला.

“नाहीतरी फरक कुठे पडतो?” संगीतकाराने सांत्वन केले. “नाव तर ताईंचंच जाणार!”

टेबलावर कंपनीला पाठवायचा कागद होता, आणि त्यावर ‘गायिका’ या शब्दापुढे तिचे नाव ठसठशीत छापलेले होते. तिने ते बराच वेळ पाहिले. अकरा वर्षांत प्रथमच ते कुठे तरी छापून आले होते. मग तिने पेन घेऊन त्यावर एक आडवी रेघ ओढली.

“अहो, हे काय!” गीतकार किंचाळला, आणि तेही थेट काळी पाचमध्ये.

“इतकी वर्षं नाव नव्हतं सर, पण आवाज तरी माझा होता,” ती म्हणाली. “डमीच पाठवा. पासही झालीय.”

ती जिना उतरली. भाऊ मागोमाग धावत आला.

“वेडी आहेस का तू? एवढी मोठी संधी! घरी काय तोंड दाखवू मी?”

टायरच्या दुकानाशेजारी एक लहानशी खानावळ होती. ती आत शिरली, पंख्याखालचे टेबल पाहून बसली आणि प्रथम थंड पाण्याचा पेला मागविला.

“दादा, तू निवांत चिडून घे,” ती म्हणाली. “तोवर मी जेवते.”