उस्तादाचा शब्द

अहमदपुरात नांदेड रस्त्यावर पिराजीचे गॅरेज बावीस वर्षांपासून होते. त्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, अमरेशचे गॅरेज दोन वर्षांपूर्वी उभे राहिले. अमरेश सहा वर्षे पिराजीच्याच हाताखाली शिकला होता. तो सोडून गेला तेव्हा पिराजीला राग आला नव्हता; उद्घाटनाचा नारळही त्यानेच फोडला होता. राग नंतर आला, थोडा थोडा, पलीकडे उभ्या राहणाऱ्या गाड्या बघताना.

त्या सकाळी उद्धव सरांची जीप आली आणि पलीकडे वळली.

सर कॉलेजात इतिहास शिकवत. इतक्या वर्षांत त्यांच्या जीपला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तिचे मूळ इंजन निकामी झाले तेव्हा मुरुडहून दुसऱ्याच गाडीचे जुने इंजन आणून पिराजीनेच तिच्यात बसवले होते. हातातला फिल्टर तसाच धरून तो बघत राहिला.

"मान अवघडंल," डबा घेऊन आलेली त्याची बायको पंचफुलाबाई म्हणाली. "सवतीच्या दारात बघावं तसं बघून राहिलाव तिकडं."

"सरांना हिकडचं गॅरेज दिसलं न्हाई का?"

"दिसलं की. तिकडं बसायला खुर्ची हाय. तुमच्याकडं टायर हाय."

तासाभराने पलीकडून अमरेशची हाक आली. "उस्ताद! जरा येता का?"

पिराजी हात पुसत गेला. चालताना त्याला बरे वाटत होते, आणि बरे वाटते याचा रागही येत होता. जीपचा रेडिएटर काढून बाजूला ठेवलेला होता. इंजन थंड ठेवणारा फॅन जाम झाल्याने गाडी चढावर तापून बंद पडली होती. फॅन बदलायचा तर तो आधी वॉटर पंपाच्या शाफ्टवरून सुटायला हवा. पण त्याला शाफ्टवर आवळून धरणारा मोठा नट जागचा हलत नव्हता. गंज सुटावा म्हणून नटावर डिझेल सोडून झाले होते, हातोडीचे ठोके देऊन झाले होते.

"या, पिराजीराव," सर म्हणाले. "तुमच्या शिष्याची परीक्षा चाललीय." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत दाराकडे गेले.

"हे इंजन तुम्ही बसवलेलं," अमरेश हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्यानं केलेलं काम उघडायच्या आधी त्याला विचारावं, हे तुम्हीच शिकवलं. ह्याचे आटे सरळ हायत का उलटे?"

उलटे होते. नेहमीच्या विरुद्ध बाजूला फिरवले तरच तो नट सुटणार होता. पिराजीला ते लख्ख आठवत होते. त्या वेळी तोही अर्धा दिवस चुकीच्या बाजूला झटला होता. एका शब्दाचे काम होते. पण तो शब्द उच्चारला की फॅन निघणार, आणि सर कॉलेजभर सांगणार की अमरेशने काढला. त्याने भिंतीवर लहान-मोठे असे ओळीने टांगलेले पाने पाहिले. ती शिस्तही त्यानेच लावलेली. त्याच्या स्वतःच्या भिंतीवर मात्र ती कधी टिकली नव्हती.

"सरळच," तो म्हणाला. "जोर कमी पडून राहिला तुझा."

अमरेशने मान हलवली. पुढे काही विचारले नाही. पान्याला लांब पाइप चढवला, पाय रोवले आणि अंगाचा सगळा भार टाकला. 'थांब' म्हणायला पिराजीने श्वास घेतला. इतक्यात सर परत आले आणि म्हणाले, "जपून रे, बाळा." पिराजीचे तोंड मिटले.

काडकन आवाज झाला. नट, फॅन आणि शाफ्टचा तुकडा एकदमच अमरेशच्या हातात आला.

पंपावर उरलेल्या खुंटावरून त्याने चिंधी फिरवली. तिथे दोन-तीन आटे उघडे पडले होते आणि त्यांचा उतार उलट्या बाजूचा होता. त्याने त्यांवरून नख फिरवले. मग पिराजीकडे पाहिले.

"काय झालं?" सरांनी विचारले.

"पंप गेला, सर. अंदाज चुकला माझा. नवा मी माझ्या खर्चानं बसवून देतो."

पिराजी उत्तर जुळवून उभा होता: इंजन बसवून धा वर्षं झाली, ध्यानात राहिलं न्हाई. ते कुणी मागितलेच नाही.

"होतं असं," सर म्हणाले. "तूच कर, सावकाश."

दुसऱ्याचा दोष अंगावर घेऊन गप्प राहणे, हेही या पोराला आपल्यापेक्षा चांगले जमते. पिराजीला ते सोसले नाही.

"त्यानं मला इचारलं व्हतं, सर." आवाज भांडल्यासारखा निघाला. "आटे उलटे हायत. मला ठाव व्हतं. मी सरळ म्हनून सांगितलं."

सरांना आट्यांतले काही कळत नव्हते, पण 'मला ठाव व्हतं' एवढे कळले. त्यांनी चष्मा काढला. "असं का केलंत, पिराजीराव?"



"राहू द्या, सर," अमरेश म्हणाला. त्याने फॅन खाली ठेवला आणि वर न बघता विचारले, "उस्ताद, पंप कोणता लागंल ह्याला?"

पिराजीला ते तोंडपाठ होते. त्याने इंजन कोणत्या गाडीचे ते सांगितले, साल सांगितले, पंपाला बोल्ट पाच नव्हे, चार येतात हेही सांगितले. सगळे खरे सांगितले, सावकाश, एकेक करून.

"हाव," म्हणत अमरेशने ते कागदावर लिहून घेतले. मग पिराजी समोर उभा असतानाच तो वाकला, इंजनावर कोरलेला नंबर चिंधीने पुसून काढला, लातूरच्या दुकानदाराला फोनवर वाचून दाखवला आणि पंप कोणता लागेल हे पहिल्यापासून विचारू लागला.