तुक्या पंचाची शिट्टी

हे मी सांगणारच नव्हते. दोनदा सुरुवात केली, दोनदा गप्प बसले. मित्रांनो, अशा गोष्टीत शेवटी सगळं ठीक व्हावं लागतं. इथे होत नाही. तरी सांगते.

मी एक जुनी शिट्टी आहे. काळी, प्लास्टिकची, पोटात एक हलकी गोटी. २०१४ साली डहाणूच्या एका दुकानातून तुक्याने मला घेतलं, लाल दोरीत ओवलं आणि गळ्यात घातलं. दिवसभर तो बोर्डीच्या वाडीत चिकू उतरवायचा. सुट्टीच्या दिवशी कबड्डीचा पंच.

ते माझे चांगले दिवस. वाणगावला सामने, बोर्डीला सामने. आगर गावचा संघ यायचा, समुद्रावर जाळी ओढणारी पोरं, एकदा पकडलं की सुटका नाही. सगळं मैदान आउट आउट ओरडायचं, पण तुक्या मला ओठात धरून थांबायचा. स्वतःला नीट दिसल्याशिवाय फुंकायचा नाही. एकदा तर त्याने स्वतःच्या जिवलग मित्राला, सुनिलला, बाद दिलं. सुनिल आठ दिवस त्याला 'साहेब' म्हणत होता, चिडून. पण पंच खोटा आहे असं तोही म्हणाला नाही.

मग २०१८ चा नोव्हेंबर. तलासरीकडच्या आमच्या पाड्यात जमीन हलायला लागली. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. भांडी पडायची, भिंतींना चिरा. साहेब लोक आले, तंबू दिले, घाबरू नका म्हणाले. हे कधी थांबणार ते त्यांनाही माहीत नव्हतं.

भात झोडायच्या खळ्यावर सगळे जमले. ठरलं की इशारा एकानेच द्यायचा, नाहीतर आरडाओरड्यातच माणसं तुडवली जातील. पाड्यातल्या हिरूमावशीने तुक्याचं नाव घेतलं. ह्याच्या शिट्टीवर कधी भांडण झालं नाही, म्हणाली.

लोक रोज विचारायचे, मोठा धक्का कधी येणार. कोणीतरी मोबाईलवरून 'शुक्रवार' आणला होता. तुक्या म्हणायचा, मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. चुली बाहेर मांडा, म्हाताऱ्यांना आधी उचला. लोकांना शुक्रवारवालाच जास्त आवडायचा. का, ते मला अजून कळलेलं नाही.

तरी अडीच महिने जमलं. मी वाजले की सगळे खळ्यावर. सुनिल विचारायचा, काय पंच, आज किती पॉइंट? तुक्या म्हणायचा, जमीन चार, आपण शून्य. बाया हसायच्या.

फेब्रुवारीतली दुपार. तुक्या कुंपण बांधत होता. पायाखाली थरथर आली. त्या रस्त्याने खडीचे ट्रक जायचे, तेव्हाही असंच थरथरायचं. त्याने मला ओठात धरलं.

आणि थांबला. नीट कळू दे म्हणून.

मी वाट बघत होते, मित्रांनो. फुंकरच येईना.

मग आली. तोपर्यंत सुनिलच्या घराची विटांची भिंत खाली आली होती. आत त्याची आई होती, बायजी. तांदूळ घ्यायला गेलेली. दवाखान्यात नेताना वाटेतच ती गेली.

पाचव्या दिवशी तुक्याने सगळ्यांना खळ्यावर बोलावलं आणि मला गळ्यातून काढलं. "मला ट्रक वाटला. म्हणून थांबलो. थांबायला नको होतं," एवढंच बोलला. कोणी म्हणालं, जमिनीने केलं, तू काय करणार. त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या कोणीतरी घ्या म्हणाला.

मी हातोहात फिरले. तरण्या पोरांच्या, बायांच्या. सुनिलच्या हातात आले तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढे दिलं. कोणीच ठेवून घेईना. शेवटी हिरूमावशीने मला परत तुक्याच्या गळ्यात घातलं. "तूच ठेव. चुकलास तर सांगतोस तरी."

त्यानंतर तो जराशा थरथरीलाही फुंकायचा. ट्रकलाही. लोक दमले. निम्मे बाहेर यायचेच नाहीत. मग एकेक घर उंबरगावला कंपन्यांच्या कामावर जायला लागलं. तुक्याने कोणाला अडवलं नाही. सगळ्यांची बोचकी रस्त्यापर्यंत पोचवली. २०१९ च्या मे महिन्यात सहा घरं उरली. तंबूंचं कापड उन्हाने फाटलं होतं. जमीन हलतच होती.

आम्हाला जपा, असं आम्ही जुन्या वस्तू शेवटी म्हणतो. मला नका जपू. ज्याच्या गळ्यात मला घालता, त्याच्याजवळ कधी कधी जाऊन बसत जा. माझ्या तुक्याजवळ तीन महिने कोणी बसलं नव्हतं.

मग एका सकाळी सुनिल येऊन बसला. तोही निघाला होता, बायकापोरांना घेऊन. जमिनीकडे बघत म्हणाला, "बाप येत नाय. त्याच घरात झोपतो, पडल्या भिंतीकडे पाय करून. तंबूत चल म्हटलं की शिव्या घालतो."

तुक्याने मला मुठीत धरलं.

"शिट्टी वेळेवर वाजेल असं नाय म्हणत मी," तो म्हणाला. "पण तू परत येईपर्यंत मी तुझ्या बापाच्या दारात झोपेन."